वेस्ट कपलिंग कुठेही मिळतं

आमच्या स्वयंपाकघरातल्या नव्या सिंकच्या तळाला एक छिद्र आहे, हे मी सुरुवातीलाच कबूल करून टाकते. सिंक म्हटलं की छिद्र आलंच, त्यात कबूल करण्यासारखं काय आहे, असं मलाही त्या सोमवारपर्यंत वाटत होतं. पण पुढच्या सहा दिवसांत त्या छिद्रावर इतक्या जणांनी इतकी मतं दिली, की आता कुणी नुसतं 'सिंक' म्हटलं तरी मी न विचारता खुलासा द्यायला लागते.

या छिद्रात जी वस्तू बसवतात तिला वेस्ट कपलिंग म्हणतात. वर जाळी, खाली आटे पाडलेली आखूड नळी, मध्ये रबरी वायसर आणि या सगळ्यांना आवळून धरणारा एक नट. ही वस्तू नसेल तर सिंक म्हणजे तळ फुटलेली स्टीलची पेटी. मी अर्थशास्त्रात एमए केलं आहे. मागणी आणि पुरवठ्यावर मी एकेकाळी सलग अकरा पानं लिहिली होती. पण मागणी एका मापाची आणि पुरवठा दुसऱ्याच मापाचा असेल तर बाईनं काय करावं, याबद्दल त्या अकरा पानांत एक ओळ नव्हती.

सिंक मीच पसंत केलं होतं. हे वाक्य त्या आठवड्यात आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारलं गेलं, की भिंतीवर लिहून ठेवलं असतं तर सगळ्यांचाच घसा वाचला असता. जुनं सिंक चिरलं, म्हणून तीन आठवडे तुलना करून, तीन कागदांवर रकाने आखून, शेवटी गृहसजावटीच्या एका प्रदर्शनात मी हे निवडलं. खोल, रुंद, गोल कडांचं, आणि एका अंगाला छोटीशी स्टीलची कडी.

"ही कडी कशाला?" मी तिथल्या विक्रेत्याला विचारलं होतं.

"नॅपकिन अडकवायला, मॅडम. परदेशात असंच असतं."

"आणि वेस्ट कपलिंग?"

"ते वेगळं घ्यायचं. कुठेही मिळतं."

कुठेही. हा शब्द ज्यानं भाषेत आणला त्याला आयुष्यात कधी काही शोधावं लागलं नसणार.

आता घाई कशाची होती ते सांगते. पुढच्या सोमवारी मला कामावर रुजू व्हायचं होतं. बाळंतपणाची रजा, मग वाढीव रजा, मग वाढीव रजेची वाढ, असं करत करत चिरंजीव दहा महिन्यांचे झाले होते आणि ऑफिसातून पत्र आलं होतं : 'दिलेल्या तारखेस रुजू न झाल्यास आपणांस सेवेत स्वारस्य नाही असे गृहीत धरण्यात येईल.' मला स्वारस्य होतं. इतकं होतं, की मी ते पत्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवून रोज साडी काढताना वाचत होते आणि साडी न नेसता परत ठेवत होते. चिरंजीवांना सांभाळायला सासूबाई येणार होत्या. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. दोन बस बदलून येणार, आमच्याकडेच मुक्काम करणार. त्यांची अट एकच.

"सिंक सुरू झालं की कळव गं. बाथरूममध्ये उकिडवं बसून भांडी घासणं माझ्या गुडघ्यांना आता जमायचं नाही."

अट रास्त होती. रविवारपर्यंत सिंक सुरू, की सासूबाई हजर. सासूबाई हजर, की मी सोमवारी हजर. थोडक्यात, माझी नोकरी त्या छिद्रातून खाली लोंबत होती.

सोमवारी सकाळी प्लंबर आला. त्यानं सिंक ओट्यात व्यवस्थित बसवलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. मग त्यानं छिद्रात चार बोटं घातली, डोळे मिटले आणि नाडी बघितल्यासारखा थांबला.

"चार इंच, वर एक सूत," तो म्हणाला. एका इंचात आठ सूत असतात, हेही त्यानंच मला सांगितलं. "ताई, बाजारात साडेतीनचं कपलिंग मिळतं, नाहीतर साडेचारचं. मधलं कुणी बनवत नाही."

"मग हे सिंक कुणी बनवलं?"

"तेच मी म्हणतोय. घेतलं कुणी?"

"मी. मीच पसंत केलं."

"वाटलंच," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. डॉक्टर 'तळकट खाता का' विचारून मान हलवतात तसं होतं ते. "कपलिंग आणून ठेवा, मी लगेच बसवून देतो. बसवणं माझं काम. शोधणं नाही."

तो गेला आणि दहा मिनिटांत माझ्या नवऱ्यानं सवयीनं उरलेला चहा सिंकमध्ये ओतला. तो थेट माझ्या पावलावर पडला. मग छिद्राखाली बादली आली. बादली आली आणि माझी झोप गेली, कारण दोन इंच पाण्यातही रांगतं मूल बुडू शकतं हे मी वाचलं आहे. असं काहीबाही मी फार वाचते. नवरा म्हणतो, वाचू नकोस. मी म्हणते, कुणीतरी वाचायला हवं ना. ओट्याखालच्या कपाटाची दारं मी रिबिनीनं बांधली. चिरंजीवांनी गाठ ओढून सोडवली. मी दुहेरी गाठ मारली. त्यांनी रिबीनच चोखायला घेतली. शेवटी अर्ध्या तासाला बादली रिकामी करायची आणि भांडी बाथरूममध्ये स्टुलावर बसून घासायची, असा दिनक्रम ठरला. माझ्या गुडघ्यांचं मत कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "सिंक झालं?"

"नाही अजून. माप मिळत नाहीये."

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. इतकं मनापासून म्हणाल्या की मला भरून आलं.

नवऱ्यानं प्रश्न हातात घेतला. म्हणजे फोन हातात घेतला. "चार पूर्णांक एक ना? सोपं आहे," म्हणत त्यानं ऑनलाइन कपलिंग मागवलं आणि मंगळवारी ते आलंसुद्धा. पुडकं काडेपेटीएवढं होतं. त्यानं इंचांच्या जागी सेंटिमीटर निवडले होते.

"फोटोत मोठं दिसत होतं," तो म्हणाला. मग तरीही त्यानं ते छिद्रावर धरून बघितलं. ते आरपार जाऊन बादलीत पडलं. बादलीत वाकून बघत त्यानं निष्कर्ष काढला, "बसत नाहीये." त्यानंतर या कामातला त्याचा वाटा तिथंच संपला, पण तो स्वतः तसं मानत नव्हता. रोज सकाळी ऑफिसला निघताना तो मला धीर द्यायचा, "माझ्या डोक्यात आहे ते." आणि ते डोक्यात घेऊन तो निघून जायचा. बादली घरी राहायची.

मंगळवारीच तिसऱ्या मजल्यावरचे व्हर्नियर काका आले. हे निवृत्त इंजिनियर. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे व्हर्नियर कॅलिपर ठेवतात, म्हणजे वस्तूच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत माप सांगणारी ती पट्टी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण ज्या इमारतीत लिफ्ट बंद असते तिथं बातमी जिन्यानं फिरते.

त्यांनी छिद्र सहा ठिकाणी मोजलं. बराच वेळ आकड्यांकडे पाहिलं. मग जवळच्या नातेवाईकाला बाजूला घेऊन सांगावं तसं म्हणाले, "तुमचं छिद्र गोल नाही."

"दिसतंय तर गोल!"

"दिसतं. उत्तर-दक्षिण एकशे चार पूर्णांक नऊ, पूर्व-पश्चिम एकशे चार पूर्णांक पाच. पॉइंट चारचा फरक आहे."

त्यांनी वहीचा कागद मागितला आणि त्या छिद्राचं वरून, बाजूनं आणि खालून असं तीन अंगांनी रेखाटन काढलं. खाली चौकट आखून 'रेखाटन क्र. १', सही, तारीख. खरं सांगते, माझ्या लग्नपत्रिकेवर कुणी एवढी मेहनत घेतली नव्हती.

"एक पितळी रिंग लेथवाल्या टर्नरकडून करून घ्या. तीन आठवड्यांत मिळेल."

"तीन आठवडे? काका, सोमवारी मला रुजू व्हायचंय."

"मग दुकानात बघा. पण मिस्टरांना पाठवा. बाईमाणूस दिसलं की दुकानदार काहीही गळ्यात मारतात."

मिस्टरांच्या ते डोक्यात होतं. म्हणून बुधवारी सकाळी चिरंजीवांना पोटाशी बांधून, रेखाटन क्रमांक एक पर्समध्ये घालून मीच सॅनिटरीच्या दुकानात गेले.

दुकानात उभं राहायला जागा होती, बसायला नव्हती. म्हणजे बसायला जागा भरपूर होती, पण ती सगळी विकाऊ होती. मूल दहा महिन्यांचं असलं तरी वजन अकराव्या महिन्याचं आहे. दुकानदारानं माझी अवस्था बघितली आणि काचेलगतच्या नव्याकोऱ्या कमोडचं झाकण फडक्यानं पुसून म्हणाला, "बसा मॅडम. संकोच करू नका." रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला मी काचेआड कमोडवर बसून एक कागद फडकवत वाद घालताना दिसत होते. दोघं तर थांबून बघत होते. पदवीदान समारंभात मी पहिल्या रांगेत बसले होते, हे त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

"हे कागदावरचं माप झालं," रेखाटन उलटसुलट करत दुकानदार म्हणाला. "कागदावर सगळंच बसतं. नमुना आणा."

"छिद्राचा नमुना कसा आणू? छिद्र सिंकमध्ये आहे."

"मग सिंक आणा."

"ते ओट्यात बसवलंय."

"आधी कपलिंग घ्यायचं, मग सिंक बसवायचं. कुणी पसंत केलं होतं?"

मी चिरंजीवांकडे बघितलं. ते अजून बोलत नाहीत, याचं मला प्रथमच बरं वाटलं. "नातेवाइकांनी," मी म्हणाले.

घरी येताना बसमध्ये मला युक्ती सुचली. आजही ती आठवली की अंगावर काटा येतो, पण त्या क्षणी मला वाटलं की शिक्षण वाया गेलं नाही. मी घट्ट पीठ मळलं, छिद्रात दाबून भरलं आणि अलगद बाहेर काढलं. छिद्राची हुबेहूब प्रतिकृती! पॉइंट चारच्या फरकासकट! ती मी एका डब्यात ठेवली. दुकान बुधवारी दुपारनंतर बंद असतं, म्हणून ती रात्रभर झाकण न लावता तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी घेऊन गेले.

गुरुवारी दुकानदारानं ती चकती हातात घेतली, फळीवरून एक कपलिंग काढलं, जुळवलं आणि त्याचा चेहरा उजळला. "बसतंय की! साडेतीनचंच आहे तुमचं. उगाच घाबरवलं तुम्हाला लोकांनी." मलाही इतका आनंद झाला, की मी कपलिंगसोबत त्यानं सुचवलेले तीन जाड वायसरही घेतले. सगळे जण चुकले होते. प्लंबरची बोटं, काकांचं व्हर्नियर, सगळे. बरोबर होतं फक्त माझं पीठ.

घरी येऊन कपलिंग छिद्रावर ठेवलं. ते आरपार जाऊन बादलीत पडलं.

पीठ वाळलं की आक्रसतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला माहीत होतं. फक्त ते ज्ञान माझ्याकडे स्वयंपाकघराच्या कप्प्यात होतं आणि हा प्रश्न मी प्लंबिंगच्या कप्प्यात ठेवला होता. हे मी नवऱ्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "सेंटिमीटरची चूक निदान आकड्यांतली होती."

प्लंबरनं मात्र हार मानली नाही. "तीन वायसर आहेत ना? मग एकावर एक लावू, वरून सिलिकॉन भरू." पाणी सोडलं. एक मिनिट काहीच झालं नाही. दुसऱ्या मिनिटाला तिन्ही वायसर तीन दिशांना सरकले आणि बादली बाजूला असल्यानं पाणी जिथं जायचं तिथं गेलं. म्हणजे खालच्या मजल्यावर. तिथून आवाज आला. आवाजामागून सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"वहिनी, प्लंबिंगचं काम चालू केलंत? अर्ज कुठाय?"

"कुठला अर्ज?"

त्यांनी काखेतल्या फायलीतून तो काढला. अर्ज बरोबर घेऊनच ते फिरतात. वर 'अंतर्गत नळकाम फेरफार' असं लिहिलेलं, खाली 'अडचणीचे स्वरूप' आणि तीन चौकोन : गळणे, फुटणे, तुंबणे.

"यात माझी अडचण बसत नाही," मी म्हणाले. "माप चुकलंय."

"तसा चौकोन नाही."

"नाहीये, तेच म्हणतेय."

"चौकोन नाही म्हणजे तशी अडचण नसते, वहिनी. कमिटीनं विचार करूनच छापलाय तो. गळणे आणि फुटणे असेल तर महिन्याच्या बैठकीत मंजुरी. तोवर प्लंबरला गेटवर थांबवतील."

"आणि तुंबणे?"

"ते तातडीचं. पाहणी करून त्याच दिवशी परवानगी. काम अकरा ते एक."

मी तुंबणेवर खूण केली. सुशिक्षित माणसानं खोटा अर्ज भरू नये, हे मला मान्य आहे. पण सुशिक्षित माणसासाठी चौथा चौकोन छापावा, हेही कमिटीला मान्य व्हायला हवं.

शुक्रवारी सेक्रेटरी पाहणीला आले. त्यांनी स्वतः तांब्याभर पाणी सिंकमध्ये ओतलं. ते धो धो खालच्या बादलीत पडलं. त्यांनी वाकून बादली बघितली, मग छिद्र, मग मला.

"हे तुंबलेलं दिसत नाही."

"काल तुंबलं होतं," मी म्हणाले. "आज जरा बरं आहे. पण परत तुंबेल असं वाटतंय."

अशा वेळी आईच्या चेहऱ्यावरची काळजी कामाला येते. माझ्या चेहऱ्यावर ती दहा महिने कायम आहे, मुद्दाम आणावी लागत नाही. त्यांनी शनिवारची परवानगी लिहून दिली. आता माझ्याकडे परवानगी होती, प्लंबर होता, अकरा ते एक ही वेळ होती. फक्त बसवायला काही नव्हतं.

"सिंक झालं?" सासूबाई.

"नाही हो, आई. उद्या शेवटचा प्रयत्न."

"अगंबाई! जिवाला लावून घेऊ नकोस. नाही झालं तर नाही झालं." इतकी समजूतदार सासू मिळायला भाग्य लागतं, असं मी त्या दिवशी नवऱ्याला बोलून दाखवलं.

शुक्रवारी दुपारी साडेतीनचं कपलिंग आणि वायसर परत करायला गेले. कमोडवर न विचारताच बसले. माणसाला कशाचीही सवय होते.

"कपलिंग घेतो," दुकानदार म्हणाला. "पण हे वायसर नाही घेता येणार. यांच्यावर दात आहेत."

"चारच आहेत. दोन वरचे, दोन खालचे."

मी फोनवर सिंकचा फोटो उघडून त्याच्यासमोर धरला आणि काकुळतीला येऊन विचारलं, "याला बसेल असं जगात काहीच नाही का हो?" तेवढ्यात शेजारी हँड शॉवरचा पाइप बघत असलेल्या एक बाई वाकल्या.

"अय्या, तुमच्याकडे पण हेच आहे?"

पाच दिवसांत माझ्या सिंककडे बघून कुणाचा चेहरा खुललेला मी प्रथमच पाहत होते. "तुमच्याकडे आहे?"

"चार आहेत. फार सोयीचं. कितीही अंग झटकलं तरी बाहेर थेंब उडत नाही. तुमचा केवढा आहे?"

भांडी अंग कशी झटकतील, हा विचार माझ्या मनात आला होता. पण मुलाची कुणी चौकशी केली की माझे बाकीचे विचार थांबतात. चिरंजीव दुपट्याखाली खांद्यावर झोपले होते. "दहा महिन्यांचा," मी म्हणाले.

"म्हणजे लहानच अजून. शांत आहे?"

"तसा शांत आहे. पण एकट्याला खोलीत ठेवलं की दार खरवडतो."

"करतातच. चावतो?"

"सध्या दिसेल ते चावतो. हे बघा ना वायसर."

"मग हाड द्या चघळायला."

"हाड?"

"रबराचं मिळतं हो. आणि केस फार गळतात का? पाइपात अडकतात ते."

"अजून नीट आलेच नाहीत," मी जरा दुखावून म्हणाले. "पण त्याच्या वडिलांचेही उशिराच आले होते म्हणे."

"वडील तुमच्याकडेच असतात? बरंय. बाहेर मोकळा सोडता की साखळीनं?"

दुकानदारानं हातातलं कपलिंग हळूच खाली ठेवलं. "मॅडम," तो अतिशय सभ्य आवाजात म्हणाला, "या ताई कुत्र्याबद्दल बोलतायत."

चिरंजीवांनी नेमकं तेव्हाच दुपट्यातून डोकं बाहेर काढलं.

त्या बाईंचं दोन गल्ल्या पलीकडे कुत्र्यांचं पार्लर होतं. आंघोळ, केस कापणं, नखं. आणि माझं सिंक हे सिंक नव्हतंच. तो कुत्र्यांना आंघोळ घालायचा टब होता, लहान आणि मध्यम आकाराच्या कुत्र्यांसाठी. खोल अशासाठी की कुत्र्यानं उडी मारू नये. कडा गोल अशासाठी की त्याला खरचटू नये. छिद्र वेगळ्या मापाचं अशासाठी की केस अडवायची मोठी जाळी बसावी. आणि कडी पट्टा अडकवायला. त्या कडीला मी पाच दिवस एक भरतकाम केलेला नॅपकिन लटकवत होते.

माझ्या त्या तीन कागदांवर 'खोली', 'कडा', 'टिकाऊपणा' असे चौदा रकाने होते. 'कुणासाठी' हा रकाना नव्हता. सेक्रेटरींना आता मी कुठल्या तोंडानं हसणार होते?

बाई मात्र मनानं मोठ्या. "अहो, स्टील उत्तम आहे. माणसांच्या वस्तूंपेक्षा आम्ही चांगलं घेतो," म्हणाल्या. "आणि कपलिंग माझ्याकडे जास्तीचं पडलंय. चला देते."

पार्लरमध्ये माझ्या सिंकमध्ये एक पांढरा झुबकेदार कुत्रा उभा होता. अंगावर फेस, गळ्यात पट्टा, पट्टा माझ्या नॅपकिनच्या कडीला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मला स्पष्ट कळलं, की आम्हा दोघांत तो टब कशासाठी असतो हे पहिल्या दिवसापासून माहीत असलेला तोच एक होता. चिरंजीव आनंदानं किंचाळले. मी कपलिंग पर्समध्ये घातलं आणि बाहेर पडले.

शनिवारी अकरा वाजता प्लंबर आला आणि अकरा वाजून सात मिनिटांनी काम झालं. पाणी सोडलं. भोवरा फिरला, गुडगुड आवाज आला, पाणी गेलं. खालची फरशी कोरडी. मी, प्लंबर आणि चिरंजीव, तिघं ओट्याखाली डोकी घालून त्या कोरड्या फरशीकडे बघत बसलो. यापूर्वी माझ्या डोळ्यांत एवढं पाणी फक्त बाळाच्या पहिल्या रडण्यानं आणलं होतं.

"कुठं मिळालं हो, ताई?" प्लंबरनं कपलिंगवर बोट फिरवत विचारलं. "फिरून फिरून मी दमलो असतो."

"मिळालं," मी म्हणाले. खरं कारण फक्त नवऱ्याला सांगितलं. तो सोफ्यावर आडवा होऊन इतका हसला, की चिरंजीवांनी त्याच्याकडे शंकेनं बघितलं. आईंना यातलं अक्षर कळता कामा नये, अशी मी त्याला शपथ घातली आणि विजयी मुद्रेनं सासूबाईंना फोन लावला.

"आई, झालं! सिंक सुरू झालं!"

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

"झालं?"

"हो!"

"पाणी नीट जातं?"

"एकदम."

"गळत नाही कुठं? बघ बाई नीट. सुरुवातीला बरं वाटतं, मग गळतं."

"थेंबसुद्धा नाही."

"अगंबाई," त्या म्हणाल्या. तोच शब्द, पण या वेळी तो दमून खाली बसला. मग त्या एकदम सावरल्या. "पण ओट्याची फट भरायची असेल ना अजून? तो सिमेंटचा वास बाळाला चांगला नाही हं. आणि नळाला दाब कसा आहे तुमच्याकडे? कमी दाबानं भांड्यांचा साबण निघत नाही. घाई करू नकोस, महिनाभर जाऊ दे, म्हणजे खात्री..."

मी आठवडाभर प्लंबर, दुकानदार आणि सेक्रेटरी यांच्याशी बोलत होते. कारण सांगणाऱ्या माणसाचा आवाज मला आता ओळखू येत होता.

"आई," मी विचारलं, "तुम्हाला यायचं नाहीये का?"

पलीकडे त्यांनी दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"मला वाटलं होतं, चांगला महिनाभर जाईल त्या सिंकमध्ये," त्या हळूच म्हणाल्या. "मी ना, पोहायला जाते. दीड महिना झाला. कुणाला सांगितलं नाही. बासष्टाव्या वर्षी हसतील लोक. इतके दिवस काठ धरून पाय मारत होते गं. या बुधवारी काठ सोडला. चार हात पुढे गेले, एकटी." मग म्हणाल्या, "आजीनं असं म्हणू नये, कळतं मला. नातवाला सांभाळायला नको कोण म्हणेल? म्हणून सिंक सापडलं तेव्हा बरं वाटलं."

मला राग यायला हवा होता. सहा दिवस मी कमोडवर बसले, पीठ मळलं, खोटा अर्ज भरला, आणि ज्यांच्यासाठी हे केलं त्या पाण्यात मजेत पाय मारत होत्या. राग येतही होता. पण बाथरूममध्ये स्टुलावर बसून भांडी घासताना कपाटातलं ते पत्र मी मनातल्या मनात म्हणत होते, तेही आठवलं. काठ सोडायची तारीख मलाही गाठायची होती.

"आणि गुडघे?" मी विचारलं. एवढं विचारायचा हक्क होता मला.

"पोहण्यानं सुधारलेत," त्या ओशाळून म्हणाल्या. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "का गं, त्याला रजा नाहीत का?"

"कुणाला?"

"माझ्या मुलाला."

हा प्रश्न इतका साधा होता, की सहा दिवसांत तो प्लंबरला सुचला नाही, व्हर्नियरनं मोजला नाही, सेक्रेटरींच्या चौकोनात नव्हता. आणि काय लपवू, मलाही सुचला नव्हता. बाळाला कोण सांभाळणार म्हटलं की माझी नजर घरातल्या सगळ्या बायकांवरून फिरायची आणि सोफ्यावरून घसरून पुढे जायची. सोफ्यावर तो बसलेला असायचा. बावीस दिवसांची रजा त्यानं साठवून ठेवली होती, गरज पडली तर असू दे म्हणून.

"त्याला दे फोन," सासूबाई म्हणाल्या.

मला एकाच बाजूचं ऐकू आलं. "हो आई... नाही, पण आमच्याकडे ऑडिट... हो... नाही, सिंकचं झालं... हो, म्हणजे मी नाही केलं, तिनंच... हो. हो. हो." मधल्या एका 'हो'नंतर तो सोफ्यावरून उठून उभा राहिला होता.

जवळच्या पाळणाघरात विचारलं, तर तिथं जागा तीन आठवड्यांनी होणार होती. तोवर तो रजेवर, आणि मंगळवार-गुरुवार दुपारी, पोहून झालं की, त्याची आई येणार, असा निकाल लागला. रविवारी मी त्याला सगळं दाखवलं : जेवणाच्या वेळा, झोपायच्या वेळा, ताप मोजायचं, कुठल्या रडण्याचा काय अर्थ. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. "आलं डोक्यात," म्हणत होता. मला त्या वाक्याची भीती वाटते, पण मी काही बोलले नाही.

सोमवारी सकाळी मी कपाटातून साडी काढली आणि या वेळी नेसले. पर्समध्ये पत्र ठेवलं. चिरंजीव जमिनीवर उघडे रांगत होते आणि नवरा हातात डायपर घेऊन, तो उलगडून, उलटसुलट करून, उजेडाकडे धरून बघत होता. त्याच्या भिवया एकत्र आल्या होत्या.

"अगं," त्यानं दारातून मला हाक मारली, "याची पुढची बाजू कुठली?"

दहा महिने झाले होते त्या मुलाला.

माझे पाय थबकले, हे खरं आहे. मी परत आत जाऊन दोन मिनिटांत ते करून टाकलं असतं, हेही खरं आहे. बस सहा मिनिटांनी होती.

"पाकिटावर चित्र आहे," मी म्हणाले, आणि चपला घातल्या.